कैलासवासींचा डबा

आमच्या महाडच्या कॉलेजात कुठल्याही चांगल्या कामाची सुरुवात शालीपासून होते. आधी शाल, मग नारळ, मग भाषणं, आणि ज्याच्यासाठी ते काम काढलं तो माणूस सर्वांत शेवटी. डबा योजनेचंही तसंच झालं.

पोलादपूरच्या डोंगरातली मुलं घरची चूल पेटायच्या आधीच एसटी धरून निघतात. जवळच्या दासगावच्या मुलांच्या आया रिक्षावाल्याबरोबर डबा पाठवू शकतात. डोंगरातल्या आयांना ती सोय नाही. त्यामुळे दुपारच्या प्रॅक्टिकलला ही मुलं भिंतीला टेकून उभी राहतात, हे सगळ्या स्टाफरूमला ठाऊक होतं. कुणीतरी ते गावातल्या सिमेंट-लोखंडाच्या एका व्यापाऱ्याच्या कानावर घातलं. शेठ खरोखर उदार माणूस. त्यांनी स्टीलचे डबे दिले आणि समोरच्या खाणावळीतून ते रोज भरून मिळतील अशी व्यवस्थाही केली. मुलांनी सकाळी रिकामा डबा खिडकीत द्यायचा, दुपारी भरलेला घ्यायचा, संध्याकाळी घरी नेऊन घासून आणायचा.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि भुकेवर इतका वेळ बोलले, की श्रोत्यांना विषयाचा प्रत्यक्ष अनुभव मिळाला. शेठच्या वडिलांचा उल्लेख ‘थोर समाजसेवक व शिक्षणप्रेमी’ असा झाला. प्रत्येक डब्याच्या झाकणावर मशीनने कोरून घेतलं होतं : ‘कै.’, पुढे वडिलांचं पूर्ण नाव, ‘यांच्या स्मरणार्थ’, आणि खाली शेठचं नाव, वडिलांच्यापेक्षा जरा मोठ्या अक्षरात.

महिना उलटायच्या आत ते डबे जिमखान्याच्या कपाटात एकावर एक रचून ठेवलेले दिसले. कुणी नेतच नव्हतं. प्राचार्यांच्या मते मुलांना कदर नव्हती. कॉमर्सच्या सरांच्या मते खाणावळीच्या आमटीत दोष होता. माझं काहीच मत नव्हतं, नुसतं कुतूहल होतं. मी केमिस्ट्री शिकवतो. दोन पदार्थ एकत्र आणूनही काहीच घडत नाही तेव्हा का घडत नाही हे बघायची आम्हाला खोड असते.

माझ्या तिसऱ्या वर्षाच्या बॅचमध्ये पोलादपूरच्या डोंगरातल्या कुडपणची एक मुलगी होती. हात स्थिर, नजर चांगली. पण दुपारचं प्रॅक्टिकल सुरू झालं की थोड्या वेळात ही पिशवी उचलून गाडीला जायची. हजेरी कमी पडत होती. असंच चाललं असतं तर तिला परीक्षेला बसता आलं नसतं, आणि वर्ष गेलं की अशा मुली बहुधा परत येत नाहीत. एके दिवशी दारातच तिला थांबवलं.

“पोट दुखतं का?”

“नाय सर.”

“मग?”

“उभं राहवत नाय.”

“अगं, मग डबा का घेत नाहीस?”

“घेतला होता ना. एकदा. आईने परत पाठवला.”

तेव्हा मला ते पीठ आठवलं. एक डबा नाचणीच्या पिठाने भरून परत आला होता आणि डबा योजनेच्या समितीच्या बैठकीत त्यावर बरीच चर्चा झाली होती. ही तक्रार समजायची की देणगी? निर्णय न होता विषय पुढे ढकलला गेला आणि पीठ कुणीतरी घरी नेलं.

“ते पीठ तुमच्याकडचं?”

“मग काय! आलेलं भांडं रिकामं कसं पाठवायचं?” ती माझ्याकडे बघून हसली. “आई म्हणते, तेराव्याचं भांडं हाय ते. एसटीत पण बाया विचारतात, कोण गेलं गो तुमच्यात?”

आता मला झाकण दिसलं. आमच्याकडे माणूस गेलं, की तेराव्याला जेवायला आलेल्यांच्या हातात त्याच्या नावाचं एखादं भांडं ठेवायची पद्धत पडली आहे. तांब्या, डबा, ताट. इथल्या कुठल्याही घरात पाणी मागा, बहुतेक ते एखाद्या कैलासवासींच्या पेल्यातून मिळतं. शेठना स्मरणार्थ काही द्यायचं म्हटल्यावर दुसरं काही सुचलंच नसणार.

“मग घरी नेऊ नकोस. इथेच खा, इथेच घासून ठेव.”

“संध्याकाळी आई पहिलं विचारते, काय खाल्लंस? रोज रोज खोटं काय बोलू?”

मग आईलाच भेटायचं ठरवलं. मी एका रविवारी कुडपणला गेलो. घाटातल्या वळणांवर अंधश्रद्धेबद्दलचं एक छोटं, समजूतदार भाषण तयार केलं. ते वाया गेलं.

मुलीची आई अंगणात वरी पाखडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, लेकीला पाणी आणायला सांगितलं. पाणी आलं ते कोरलेल्या नावाच्या तांब्यातून.

“हे चालतं?” मी नावावर बोट ठेवलं.

“न चालायला काय झालं? हा माझ्या चुलत सासऱ्यांचा.” तिने आतल्या फळीकडे हात केला. “ती परात माहेरच्या शेजारणीची. लय भांडकुदळ बाई, पण माझ्या बाळंतपणाला रात्रभर बसली होती. तो डबा गावच्या मास्तरांचा. ह्या सगळ्यांकडे आम्ही गेलो, रडलो, जेवलो. मग भांडं घरात आलं.”

“आणि कॉलेजचा डबा?”

“ते शेठचे बाबा आमचे कोण, सर? तेराव्याला गेलो नाय, दोन टिपं गाळली नाय, आणि त्यांच्या नावाचं भांडं घेऊन रोज जेवायचं? फुकटचं झालं ना ते. कोण होते हो ते?”

“थोर समाजसेवक.” माझ्या तोंडून निघून गेलं.

“म्हणजे काय करायचे?”

योजनेबद्दल आजवर विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न होता, आणि मला उत्तर ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घेतो, असं सांगून मी उठलो. निघताना हातात कुळथाची पुरचुंडी आली.

शेठच्या दुकानात त्यांनी मला आधी उद्घाटनाचं छापील पत्रक दिलं.

“हे वाचलंय, शेठ. पण ते करायचे काय?”

“त्यात छापलंय ना सगळं.”

“त्यात ‘थोर’ छापलंय.”

शेठ थोडे रागावले, मग त्यांनी चहा मागवला. चहा संपेपर्यंत ते सळयांच्या भावाबद्दल बोलले. मी उठत नाही असं दिसल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

“आमचे बाबा पोलादपूरच्या पलीकडचे. शाळेसाठी महाडला आले. एका दुकानाच्या माळ्यावर झोपायचे आणि वार लावून जेवायचे.”

आठवड्यातला एकेक दिवस एकेका घराने वाटून घ्यायचा आणि गरीब विद्यार्थ्याने ज्या दिवशी ज्याचा वार त्याच्याकडे पान मांडायचं, ही जुनी रीत मी फक्त पुस्तकांत वाचली होती. ती आमच्याच बाजारपेठेतही चालत होती, याची मला कल्पना नव्हती.

“सोमवारी मास्तरांकडे, मंगळवारी एका वाण्याकडे, असं. शनिवार कोणी घेतला नव्हता. शनिवारी बाबा म्हणायचे, मारुतीचा उपास आहे.”

“हे तुम्ही भाषणात का सांगितलं नाहीत?”

“सर, मुलीचं लग्न जमतंय. व्याही म्हणतील, ह्यांचा आजा दारोदार जेवायचा.”

मी त्यांना कुडपणच्या त्या बाईंचा प्रश्न सांगितला, आणि त्यांच्या लेकीच्या हजेरीचंही. ते गल्ल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “त्या बाईंना सांगा. फक्त बाईंना.” मी पायरी उतरलो तेव्हा मागून हाक आली. “सर, शनिवारचंही सांगा.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी मुलीची आई पोलादपूरला येणार होती. स्टँडवर, सुक्या मासळीच्या पिशव्यांच्या वासात, मी तिला सगळं सांगितलं. तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

“एवढ्या मोठ्या महाडात पोर शनिवारचं उपाशी राहायचं, आणि कोणाला कळलं नाय?”

“कळलं असेल. पण विचारलं नसेल.”

“मग तो आमच्यातलाच की हो.” तिने पदराने नाक पुसलं. दोन टिपं गाळून झाली, असा मी अर्थ घेतला. “घेऊ दे पोरीला डबा. पण वार म्हणजे वार. एक आमचा.”

“म्हणजे?”

“शनिवारचं आम्ही देऊ. खाणावळवाल्याला सांगा, त्या दिवशी आराम कर.”

मुलगी बाजूलाच उभी होती. “आई, सगळ्यांचं? भाकऱ्या कोण थापणार एवढ्या?”

“तू! आणि कोण? शिकतेस ना, मग भाकरी थापायला काय होतं गो?”

समितीत बाहेरच्या अन्नाविषयी प्रश्न निघाला. त्यावर चर्चा सुरू असतानाच पहिला शनिवार येऊन गेला. त्या दिवशी मुलीच्या पिशवीत आदल्या रात्री थापलेल्या नाचणीच्या भाकऱ्या होत्या आणि कुळथाचं घट्ट पिठलं. जिमखान्यामागच्या पायऱ्यांवर सात-आठ मुलं बसली होती. पुढच्या आठवड्यात पोलादपूरच्या एका मुलाने बुधवार मागितला. सगळेच डबे काही बाहेर आले नाहीत. काही मुलं अजूनही लांबून बघून निघून जातात. त्यांचं कारण वेगळं असणार, आणि ते मला अजून कळलेलं नाही.

हजेरीची तूट भरून काढायला मी या मुलीसाठी राहिलेली प्रॅक्टिकल्स दुपारीच लावली. त्या सगळ्यांना ती हजर राहिली. परीक्षेला बसायची परवानगी मिळाल्याचं तिला सांगायला मी लॅबमध्ये गेलो, तेव्हा ती ब्युरेटसमोर वाकून उभी होती. एक-दोन थेंब जास्त पडून फ्लास्कमध्ये गुलाबी रंग नको तितका गडद झाला होता. शेजारची मैत्रीण म्हणाली, “चालतंय की, लिहून टाक.”

“नाय चालत. सरांना बोलवू नको, मी परत करते.”

तिने फ्लास्क धुतला आणि ब्युरेट पुन्हा भरायला घेतली. स्टँडवरून दुपारची गाडी सुटायची वेळ झाली होती. तिने घड्याळाकडे पाहिलंही नाही. मी पाहिलं, आणि परवानगीचं नंतर सांगू म्हणून बाहेर येऊन उभा राहिलो.