न मावलेला चेहरा

आई गेली त्याच वर्षी वडिलांची नजर अधू झाली. मी कॉम्प्युटरवर अक्षरं मोठी दाखवणारं भिंग चालू करून दिलं. त्यांनी जन्मभर पंचगंगा घाटावर पोथी वाचलेली. सवयीनं पडद्यावर ओळीखाली बोट सरकवायचे आणि मजकूर पुढे जाईना की माझ्यावरच चिडायचे.

"अप्पा, बोट नाही, माउस हलवा!" मीही खेकसायचो.

अखेर जमलं. मी पोथी उघडायला गेलो, तर म्हणाले, "ती पाठ आहे रे. तुझ्या आईचा फोटो लाव."

मोठा केला की नुसतं कुंकू दिसे, नाहीतर एकच डोळा. लहान केला की सगळं धूसर.

"पूर्ण चेहरा एकदम नाही का दिसणार?"

मी नकारार्थी मान हलवली. ती त्यांना दिसली नाही. ते उत्तराची वाट पाहत राहिले.