बापूसाहेबांनी मिटवलेलं प्रकरण

आमच्या जुळे सोलापुरातल्या कॉलनीत बापूसाहेबांनी मिटवलं नाही असं भांडण अजून जन्माला यायचंय. नळाचं पाणी असो, गाडी लावायची जागा असो, नाहीतर सासू-सुनेचं वाजलेलं असो, बापूसाहेब मध्ये पडतात, दोन्हीकडच्यांना चहा पाजतात आणि ज्याचा आवाज लहान त्याला माघार घ्यायला लावतात. याला ते न्याय म्हणतात. मूळचे मंद्रूपचे, गावात पंच म्हणून बसायची हौस राहून गेली, ती आमच्यावर भागवून घेतात. मी त्यांची शेजारीण. भिंतीला भिंत असल्यामुळे त्यांचे सगळे निकाल मला घरबसल्या ऐकायला मिळतात.

त्यांची पुतणी अंकिता त्यांच्याकडे राहून नवी पेठेतल्या एका चादरींच्या दुकानात कामाला जाते. दिवाळीपासून उदयसिंह नावाचा एक तरुण तिच्या मागे लागला होता. दुकानासमोर बुलेट लावून बसायचा, तिच्या रिक्षामागून कॉलनीपर्यंत यायचा. नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून मेसेज सुरू. माझ्या मागं येऊ नको, असं तिनं त्याला तोंडावर सांगून पाहिलं होतं. शेवटी तिनं घरात सांगितलं आणि पोलिसांत जाऊ या म्हणाली. बापूसाहेबांनी सल्ला दिला: नंबर बदल, रस्ता बदल, नाहीच जमलं तर दुकान सोड. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. पोरगी ऐकेना, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की रविवारी त्या पोराला घरी बोलावून चांगला दम देऊ. पोलिसांत गेलं की पोरीचं नाव खराब होतं म्हणे. पोराचं का होत नाही, हे मी एकदा विचारलं होतं. त्यांनी तेव्हा हवापाण्याचा विषय काढला.

रविवारी उदयसिंह मामाला घेऊन, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. दम देण्याआधी, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे, बापूसाहेबांनी गाव आणि पाहुणे विचारले. तिथंच घात झाला. पोरगा आपल्यातलाच निघाला. मंद्रूपच्या शिवेला बागायत, वर मामा म्हणजे बापूसाहेबांच्या मेव्हण्याचा साडू. दम घशातच राहिला. आतमध्ये त्यांच्या बायकोला, विजयमालाबाईंना, हुकूम आला की नुसता चहा नको, पोहे करा आणि पोरीला साडी नेसायला सांगा. मी मदतीला गेले होते. रागाच्या भरात कांदा इतका बारीक चिरला की पोह्यांत सापडेना.

दम द्यायच्या बैठकीचा असा पाहण्याचा कार्यक्रम झाला. अंकिता साडी नेसली नाही. अंगावरच्या ड्रेसवरच ट्रे घेऊन गेली. याच माणसाशी आपलं लग्न लावायला निघालेत, हे तिला कळून चुकलं होतं. विजयमालाबाई आणि मी दारात उभ्या राहिलो. मामांनी रीतसर विचारलं, कामाला कुठं जातेस, येतेस कधी. ती तोंड उघडायच्या आत उदयसिंहच उत्तरं द्यायला लागला. दुकान कुठलं, बुधवारी उशीर का होतो, दुपारचा डबा जिन्यात बसून कशी खाते, हल्ली मेडिकलचा रस्ता सोडून मागच्या गल्लीनं कशी येते. बापूसाहेबांचा चेहरा फुलला.

"बगा की, पोराला किती म्हायती हाय," ते मामांना म्हणाले. "लई जपंल पोरीला."

त्या कौतुकानं उदयसिंहला आणखी चेव आला. गच्चीवर कपडे वाळत घालताना ती गाणं गुणगुणते, तेही आपल्याला ठाऊक आहे म्हणाला.

विजयमालाबाई पाहुण्यांसमोर कधी बोलत नाहीत. त्या दारातूनच म्हणाल्या, "आमची गच्ची रस्त्यावरनं दिसत न्हाय. तू कुटनं बगितलंस?"

बापूसाहेबांनी बायकोला आत जायची खूण केली. त्या गेल्या नाहीत. अंकितानं तिथंच ११२ लावला. पोलीस आले तेव्हा बशांमध्ये पोहे तसेच होते.

ठाण्यात मीही सोबत गेले. तिथं एक बाई अधिकारी होत्या. त्यांनी अंकिताला आधी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. नको सांगूनही मागे फिरणं, मेसेज करत राहणं हा पाठलागाचा गुन्हा आहे, म्हणाल्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. आलेले मेसेज पुसायचे नाहीत. आणि पोलिसांत यायचा धीर होत नसेल तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तिथं आधी बोलता येतं. एवढी सोय फुकट आहे आणि कुणाला चहासुद्धा पाजावा लागत नाही, हे बापूसाहेबांना तिथं पहिल्यांदाच कळलं असावं.

तरी ते म्हणालेच, घरातलं प्रकरण आहे मॅडम, मिटवून टाकू. मॅडमनी त्यांना एकच विचारलं: तुमच्या घरात, तुमच्यासमोर तो काय काय बोलला?

बापूसाहेबांनी अंकिताकडे पाहिलं, मग खाली. "माजं ध्यान पोह्याकडं हुतं," ते म्हणाले.

अंकिताचा चेहरा पडला. तेवढ्यात विजयमालाबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"माजं न्हवतं," त्या म्हणाल्या. "माजं लिवून घ्या."

खटला अजून चालू आहे. उदयसिंह कॉलनीकडे फिरकत नाही, आणि ते प्रकरण मीच मिटवलं असं बापूसाहेब चारचौघांत सांगतात. सांगू देत बापडे. अंकिता कामाला जाते, मेडिकलच्याच रस्त्यानं येते. गच्चीवर कपडे मात्र अजून मुकाट्यानं वाळत घालते. भिंतीला भिंत आहे, गायली असती तर मला ऐकू आलं असतं. तेवढं कसं मिटवणार, हे एकदा बापूसाहेबांना विचारायचंय.