सोललेला नमुना

घरात तिला ‘इन्स्पेक्टर’ म्हणत. नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. दुरुस्त होऊन आलेली इस्त्रीसुद्धा ती आधी खोलून बघायची, मगच वायर लावायची. “थोरल्या सूनबाईंना देव भेटला, तर त्याच्याकडेही ओळखपत्र मागतील,” असं ते म्हणत.

कामही तिला स्वभावाला साजेसं मिळालं होतं. प्रयोगशाळेत ती काचेवर सेंद्रिय पदार्थाचा अतिशय पातळ थर द्यायची आणि निर्वात पेटीत त्यावर धातूची वाफ बसवायची. वीज जोडली की धातूतले इलेक्ट्रॉन थरात शिरत आणि थर उजळे. ते सहज शिरतात की अडखळतात, हे धातू आणि थर जिथे भेटतात तिथे ठरतं. आणि ती जागा गाडलेली. वरून दिसत नाही, उघडायला जावं तर नमुना मोडतो.

धाकटी जाऊ त्याच प्रयोगशाळेत लागली, तीही थोरलीच्या शब्दावर. रोज दोघी एकाच स्कूटरवर जात. पेटी एकच, पदार्थ तेच, कृती तीच. फक्त धातू तापवायच्या वाट्या दोन, डावी थोरलीची, उजवी धाकटीची. तरीही धाकटीचे नमुने जराशा विजेवर उजळत आणि थोरलीचे हटून बसत. विभागप्रमुख धाकटीचे आलेख घेऊन मिरवू लागले.

“तू वेगळं काय करतेस गं?” थोरलीने विचारलं.

“काहीच नाही, ताई. तुम्ही शिकवलंत तेच.”

उत्तर इतकं सरळ आलं की थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. मग तिला जिथे तिथे खोट दिसू लागली. धाकटी पेटी भरताना पाठमोरी का उभी राहते? फोनवर हळू का बोलते? जेवताना कामाचं निघालं की दीर विषय का बदलतात?

“तिच्या हाताला यश असेल,” नवरा म्हणाला.

“हाताला काही नसतं. काहीतरी घालतेय ती,” थोरली म्हणाली आणि ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी धाकटी बैठकीला गेली, तेव्हा थोरलीने तिच्या खणातला एक नमुना उचलला. चिकटपट्टी लावून धातूचा पापुद्रा अलगद सोलला आणि उघडी पडलेली बाजू क्ष-किरणांच्या यंत्रात ठेवली. कुठली मूलद्रव्यं आहेत ते यंत्र सांगतं. त्यात फ्लोरिन निघालं, जे त्यांच्या कृतीत कुठेच नव्हतं.

संध्याकाळी धाकटी भांडी पुसत होती. थोरली तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“फ्लोरिन कुठून आलं?”

धाकटीने हातातलं ताट खाली ठेवलं. “मी काही घालत नाही. पण तुम्ही माझा नमुना फाडलात? मला न विचारता?”



सकाळी दोघींनी मिळून पेटी उघडली. उजव्या वाटीभोवतीचं पत्र्याचं कवच काढलं, तर आतून पांढरी खरपुडी धरलेली. आधी तिथे काम करून गेलेल्या कुणाचं तरी लिथियम फ्लोराइड, एक मीठच. वाटी तापली की धातूच्या आधी ते उडायचं, थरावर पुसटसं बसायचं आणि इलेक्ट्रॉनांची वाट सोपी करायचं. कवच घासून पुन्हा नमुने केले, तर धाकटीचेही हटून बसले.

“काहीतरी आहे, असं मला वाटत होतं,” धाकटी म्हणाली. “चांगलं येत होतं, म्हणून शोधलं नाही.”

“आणि मी शोधलं ते तुला चोर ठरवायला,” थोरली म्हणाली.

विभागप्रमुखांना दोघींनी मिळून सांगितलं. ते आधी रागावले, मग म्हणाले, आता तेच मीठ मापून घाला. घातलं, आणि दोघींचे नमुने सारखे उजळले. शोधनिबंधावर दोघींची नावं आली. पण धाकटी आता बसने जाऊ लागली होती. तिच्या खणाला कुलूप होतं. घरात ती ताई म्हणे, पण जेवणापुरतंच. थोरलीने तिला दोष दिला नाही. मात्र त्या कुलपाआड काय असेल, हा विचार तिच्या मनातून जाईना, आणि त्याची तिला लाज वाटे.

वर्ष सरता सरता धाकटी थोरलीच्या टेबलापाशी आली. हातात नव्या धातूचा नमुना होता.

“ताई, हा इतका चांगला का येतोय, कळत नाही. सोलून बघाल?” तिने नमुना टेबलावर ठेवला. “पण माझ्यासमोर.”

थोरलीने खुर्ची सरकवून तिला जागा करून दिली.