सालोमेच्या डोळ्यातला जंत

न्योंग नदीपलीकडच्या जंगलपट्टीत ओदिल मेंगेला सगळे 'जंतवाली' म्हणत. दवाखान्यात ती डोळ्यांची नर्स होती. बुबुळाशेजारून जंत सरकताना दिसला की लोक तिच्याकडे धावत, पण पोचेपर्यंत तो आत दडलेला असे. म्हणून ओदिल औषधाचे थेंब, चिमटा आणि बारीक कात्री पिशवीत घेऊनच फिरे. बाजारात, अगदी चर्चमध्येसुद्धा.

एका रविवारी कसाव्याचे कंद विकणारी सालोमे प्रार्थनेत किंचाळली. ओदिलने तिला बाकावरच आडवं केलं.

"डोळा हलवू नकोस."

"अगं, चालतोय तो! कळतंय मला!"

"चालू दे. पळाला तर मला शिव्या दे."

थेंबांनी डोळा बधिर झाला. ओदिलने चिमट्यात जंत धरला, वरचा पापुद्रा जरासा कापला आणि दोऱ्यासारखा तो जीव अलगद ओढून काढला.

"ही हिच्या सवतीचीच करणी!" सालोमेची सासू कडाडली.

"आई, शेतात लाल माशी चावते ना? तिचं काम हे," ओदिल म्हणाली.

"ती तर मलाही चावते!"

"मग उद्या भर दुपारी दोघीही या. जंतांची पिल्लं रक्तात तेव्हाच सापडतात."

सासूचं रक्त साफ निघालं. सालोमेच्या रक्तात मात्र पिल्लांची नुसती झुंबड होती. ओदिलने जंत मारायच्या गोळ्या कपाटातून काढल्याच नाहीत.

सालोमे भडकली. "एक काढलास, आणि बाकीचे काय पाळायला ठेवलेस?"

ओदिलने कपाटाचं दार लावलं. मग म्हणाली, "माझ्या भावाला दिली होती ती गोळी. रक्त न तपासता. सगळी पिल्लं एकदम मेली आणि त्याच्या मेंदूला सूज आली. तो शुद्धीवर आलाच नाही गं."

सालोमेने तिचा हात धरला.

मग सौम्य औषध सुरू झालं. सालोमे कुरकुरत येई, बोट टोचून घेई. पिल्लं हळूहळू कमी झाली. डॉक्टरांनी होकार दिल्यावर तिला दवाखान्यात ठेवून ओदिलने ती गोळी दिली. ताप चढला, मनगटं सुजली. ओदिल खाटेपासून हलली नाही. सालोमे शुद्धीवर आहे ना हे पाहायला सारखं तिचं नाव विचारत राहिली, गावाचं नाव विचारत राहिली.

ताप उतरला तेव्हा सालोमे वैतागून म्हणाली, "माझं नाव पाठ झालं असेल तर तळलेली केळी आण. तू तळू नकोस पण. मीठ फार घालतेस."

ओदिल हसत उठली, आणि दाराबाहेर जाऊन पोटभर रडली.