सूतभरची पिकअप

त्या दिवशी पहाटेपासून वारा सुटला होता. कोरडा, गार, अंगाला बोचणारा. गल्लीतल्या पाट्या करकरत होत्या आणि कोपऱ्यावरचा एक सुटा पत्रा राहून राहून आदळत होता. इतर माणसं असल्या वाऱ्यात कानटोपी शोधतात. सूतभरनं दुकानाबाहेर येऊन बोट ओलं केलं आणि वर धरलं. वारा आडवा होता, म्हणजे आज मोठी काच हलवायची नाही. मोठी काच म्हणजे नावेचं शीडच. तिच्यात वारा भरला की माणूस काचेला नेत नाही, काच माणसाला नेते.

मग त्यानं टेबलावरची घोंगडी झटकली, तिच्यावर कपाटाची काच आडवी टाकली, काच कापायचा हिरा रॉकेलात बुडवला आणि पट्टीच्या कडेनं एका दमात रेघ ओढली. दोन्ही अंगठ्यांनी हलकेच दाबलं. टक्. एकीच्या दोन काचा झाल्या, दोन्ही गुळगुळीत.

सूतभर हे त्याचं नाव नव्हे, पण खरं नाव आता बायकोलाही कागदावर सही करतानाच आठवायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चौकट मोजायची आणि काच तिच्यापेक्षा सूतभर कमी कापायची, नाहीतर लाकूड फुगलं की काच तडकते. हा नियम त्यानं सगळ्या संसाराला लावला होता. मीठ सूतभर कमी घाल, पंखा सूतभर हळू कर. शेजारपाजारच्यांनी ऐकून ऐकून त्यालाच सूतभर करून टाकलं.

चौथी काच होते न होते तोच टेम्पोवाला आला. अकरा वर्षं सूतभरच्या काचा यानंच वाहिल्या होत्या. मागं तान्हं मूल झोपलंय अशी गाडी चालवायचा.

"सूतभर, टेम्पो विकला. पाठ गेली रे माझी. पोरगी म्हणते, आता माझ्याकडे ये नि गप बस."

"आणि माझ्या काचा?"

"दुसरा कुणीतरी बघ."

दुसरे होते, पण काच म्हटली की त्यांचे चेहरे पडायचे. एकानं तर तोंडावर सांगितलं, "काका, दगड द्या, विटा द्या, सासू द्या, नेतो. काच नको." जो तयार झाला, त्यानं पहिल्याच फेरीत तीन काचांचा चुरा केला आणि वर म्हणाला, रस्ताच खराब.

मोठ्या काचेचं काम गेलं तर उरणार काय? फोटोच्या चौकटी आणि कपाटाच्या फळ्या. त्यावर माणूस जगतो, पण कारागीर राहत नाही. मोठं काम हातात ठेवायचं तर गाडी आपली हवी आणि चालवणारा हातही आपलाच हवा, एवढं त्याला कळून चुकलं.

बायको घरात पडदे शिवायची. "तुम्ही काच लावता, मी ती झाकते, असला आपला संसार," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून हसवायची. तीच म्हणाली, "अहो, ती छोटी पिकअप निघालीय ना, ती घेऊ या की. पडदे पण जातील, काचा पण जातील, आणि आपण दोघं पुढं बसू."

दोघांनी शिलकीतलं एकत्र केलं. मोठ्या ट्रककडे बघायचीही सोय नव्हती, पण ही छोटी खिशाला झेपत होती.

शोरूममध्ये गेले तर तिथं जत्रा. फुलवाली होती, पाण्याचे कॅन पोचवणारा होता, मांडववाला होता, एक निवृत्त मास्तरीणबाईसुद्धा होत्या. त्यांना म्हणे कुंड्या न्यायच्या होत्या. त्या गाडीत दिमाख असा काहीच नव्हता. बसक्या नाकाची, पुढं दोन माणसांची जागा, मागं उघडा हौदा. पण त्या रिकाम्या हौद्याकडे बघता बघता प्रत्येक जण आपापला संसार त्यात रचत होता. फुलवाली हातानं हवेतच टोपल्या मांडत होती. मांडववाला डोळे मिटून बांबू मोजत होता.

सूतभरनं खिशातून टेप काढला.

"काका, सगळी मापं कागदावर आहेत," विकणारी पोरगी म्हणाली.

"कागदानं काच बसत नाही, बाळ."

हौदा जमिनीपासून सव्वादोन फूट, म्हणजे त्याच्या मांडीइतका. ट्रकमध्ये काच चढवायला दोघं खाली, दोघं वर लागायचे. इथं तो एकटाही ठेवू शकला असता. गाडीची रुंदी पाच फुटांना सूतभर कमी, आणि त्याची गल्ली सात फुटांची. मागचा फाळका पाडला की लांब काचही निवांत बसत होती. त्यानं हौद्याच्या कडेवरून हात फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू त्याच्याच मापानं बनवलेली भेटत होती.

गाडी आली. आठ दिवस खपून त्यानं हौद्यात सागाची घोडी बसवली. घोडी म्हणजे दोन्ही बाजूंनी उतरती चौकट. तिला काचा टेकवून उभ्या बांधायच्या. टेकूला जुन्या पडद्यांच्या घड्या लावल्या. बायको म्हणाली, "आपल्या पोरीच्या पाळण्याला एवढं केलं नव्हतंत."

आता राहिलं शिकणं. गाडी शिकवणाऱ्या मास्तरानं त्याला आपल्या गाडीत बसवलं, बायको मागच्या सीटवर.

"काका, कुठं बघताय?"

"समोर."

"समोर काय दिसतंय?"

"मास्तर, ही काच मूळची नाही. बदललीय कुणीतरी. डाव्या कोपऱ्यात लहर आहे बघा."

"समोर बाई आहे काका! ब्रेक, ब्रेक!"

बादली घेऊन चाललेली बाई बादली टाकून फुटपाथवर चढली आणि तिनं तिघांचाही उद्धार केला.

दुखणं ते होतं. चांगली काच न दिसणारी, असं लोक म्हणतात. पण जी न दिसणारी असते तीच बघायचं सूतभरचं काम. लहर, बुडबुडा, केसाएवढा ओरखडा, चौतीस वर्षं त्याच्या डोळ्यांनी तेवढंच शोधलं होतं. कुठलीही काच समोर आली की त्याची नजर तिच्यावर येऊन थांबायची. पलीकडे जायचीच नाही. वायपरनं काढलेली कमान, खड्याचा टवका हे सगळं स्वच्छ दिसायचं, आणि त्यामागं माणसं, सायकली, सिग्नल कुठंतरी धुक्यात असल्यासारखे.

"काचेकडे बघू नका, पलीकडे बघा," मास्तर दिवसातून चाळीस वेळा सांगायचा.

"बघतो की. पण ती मधे येते ना!"

उलट गाडी घ्यायची वेळ आली की मात्र तो खिडकीतून मान बाहेर काढायचा आणि दोन खांबांच्या मधून सुईत दोरा ओवावा तशी गाडी मागं न्यायचा. मास्तर तोंडात बोटं घालायचा. "काका, असा रिव्हर्स मलासुद्धा येत नाही हो."

उपाय कमी झाले नाहीत. बायकोनं सुचवलं, काच पुसूच नका, मळू द्या. मग तो मळाचे डाग बघत बसला. एक डोळा मिटून पाहिला, तर उरलेला डोळा दुप्पट जोमानं काचेला चिकटला. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं बारीकातली बारीक ओळ वाचायला लावली. सूतभरनं ती वाचली आणि वर तक्त्यावरच्या काचेला तडा असल्याचं सांगितलं.

"तुमच्या डोळ्यांत काही दोष नाही," डॉक्टर म्हणाले.

"काहीतरी असेल हो. नीट बघा ना," सूतभर म्हणाला. आजार निघावा म्हणून डॉक्टरला गळ घालणारा तो पहिलाच असावा. आजार असता तर औषध असतं.

परवान्याच्या पहिल्या परीक्षेत तो थांबायच्या रेघेच्या दोन हात पुढं गेला आणि नापास झाला. दुसऱ्या परीक्षेला चढ चढताना ऊन बरोबर पुढच्या काचेवर आलं आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागच्या गाड्या कोकलायला लागल्या.

"काय झालं?" शेजारी बसलेल्या परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"साहेब, खालच्या कडेला चीर धरलीय. आज बोटभर आहे. दोन दिवसांत आरपार जाईल."

साहेबांनी वाकून पाहिलं. चीर खरंच होती.

"आहे की," ते म्हणाले, आणि कागदावर नापास लिहिलं.

आता त्यांच्यावर चिडायचं तरी कसं? माणूस चुकला तर भांडता येतं. इथं साहेबही बरोबर, सूतभरही बरोबर. परतताना तो मास्तराच्या गाडीत मागं बसला आणि वाटभर खिडकीची काच खाली करून बाहेर बघत राहिला. सगळं कसं लख्ख दिसत होतं.

पगारी ड्रायव्हर परवडला असता तर छोटी गाडी कशाला घेतली असती? बायको म्हणाली, मी शिकते. पण वीस वर्षं शिलाई मशीनच्या पायडलवर घालवलेला तिचा उजवा गुडघा ब्रेक दाबायला साफ नाही म्हणाला. राहता राहिला तिचा भाऊ. त्याच्याकडे परवाना होता, वेळ होता, आणि हसरं तोंड होतं.

"दाजी, उलट्या गाडीचा परवाना देत असते ना, तर तुम्ही पहिल्या नंबरानं पास!" मेहुणा म्हणाला आणि किल्ली बोटात फिरवत गेला.

पोरगा वाईट नव्हता. पण गाडीही सगळ्यांच्याच मापाची होती ना! शेजारणीचा फ्रिज दुरुस्तीला न्यायचाय, पिकअप आहे की. कुणाचं घर बदलायचंय, गादी आणायचीय, म्हाताऱ्याला पाय लांब करून दवाखान्यात न्यायचंय, आहे की. पिकअप दारात असली की मागणारे, नसली की सूतभरच्या काचा खोळंबलेल्या. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात तो हाच. नाही म्हणायला तोंड उघडावं तर मेहुणा आधीच हो म्हणून बसलेला. बायकोला सांगावं तर ती म्हणायची, "भाऊ माझा, गाडी तुमची. मी कुणाला बोलू, सांगा बरं?"

तेवढ्यात कापडदुकानदाराचं काम आलं. दर्शनी काच, सात फूट बाय पाच. वर्षातून असं एखादंच काम येतं. सूतभरनं तीनदा माप घेतलं, काच कापली, कडा घासल्या. मंगळवारी सकाळी नऊला पोचवतो म्हणून शब्द दिला.

मंगळवारी वाऱ्याचं नाव नव्हतं. झाडाचं पान हलत नव्हतं. काच भिंतीला टेकवून, हातात मोजे घालून सूतभर आठपासून दारात उभा होता. पिकअप नव्हती. दहा वाजता मेहुण्याचा फोन लागला.

"दाजी, आलोच. फुलवालीची गाडी बंद पडली हो, तिचा माल सुकत होता. तेवढा टाकला की निघालो."

तो एक वाजता आला. काच चढवली, बांधली. सूतभर हौद्यात काचेजवळ उभा राहिला आणि केबिनच्या टपावर थाप मारून हळू, आणखी हळू सांगत गेला. काचेला ओरखडासुद्धा आला नाही. पण दुकानासमोर पोचले तेव्हा तिथं दुसरी माणसं शिडी लावून दुसरी काच बसवत होती.

"तुम्ही नऊ म्हणालात," कापडदुकानदार म्हणाला. आवाजात राग नव्हता. "उघड्यावर माल ठेवून किती वेळ बसू? त्यांना फोन केला, तासात आले. त्यांची माणसं, त्यांचीच गाडी."

सूतभरनं बसवलेल्या काचेकडे पाहिलं. उजव्या वरच्या कोपऱ्यात ती चौकटीला घट्ट भिडली होती. सूतभर जागा सोडली नव्हती. आता सांगून कुणाचं काय भलं होणार होतं?

येताना तो पुढं बसला. अर्ध्या वाटेत मेहुणा म्हणाला, "दाजी, रागावू नका, पण काचेच्या आठवड्याला दोन फेऱ्या. बाकीचे दिवस ती घोडी हौद्यातली अर्धी जागा खाते. ती काढली ना, तर फुलवालीचं रोजचं काम मिळतंय. गाडी स्वतःचं तरी कमवेल. आणि काच काय, आडवी टाकून नेऊ की."

"आडवी टाकलेली काच फुटते."

"मग नेऊ नका."

तो टोचून बोलला नव्हता. सरळ हिशेबाचं बोलला होता. आणि त्या हिशेबात सूतभरला कुठं बोट ठेवायला जागा सापडेना.

दारात गाडी थांबल्यावर त्यानं आधी ती मोठी काच उतरवली. मेहुण्यानं एक कड धरली. मग मेहुणा पान्हा घेऊन हौद्यात चढला तसा सूतभर म्हणाला, "थांब. तू ओढशील नि लाकूड फाडशील. उतर खाली."

बारा बोल्ट. एकेक त्यानं सावकाश सैल केला. बायको दारात येऊन उभी राहिली. हातातल्या पडद्याची उगीच घडी करत राहिली.

"अहो, परत परीक्षा देऊ या ना," ती शेवटी म्हणाली. "तिसऱ्यांदा."

"देऊ," तो म्हणाला. तारीख मात्र त्यानं विचारली नाही.

घोडी भिंतीला लावून ठेवली. मेहुण्यानं हौदा झाडला, आणि रिकाम्या हौद्यासकट गाडी गल्लीतून बाहेर काढली. कोपऱ्यावर भिंतीला घासता घासता वाचली. सूतभरच्या तोंडून "डावीकडे घे" निघालं, पण ऐकायला कुणी नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यातून डोकावल्या. "काका, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेला दोन दिवस झाले नुसते खिळे मारून ठेवलेत. पुट्टी कधी लावताय?"

"आणतो, आणतो."

तो आत गेला. खडूची भुकटी पाटीवर ओतली, मधे खळगा केला, त्यात जवसाचं तेल सोडलं आणि तळहाताच्या टाचेनं गोळा मळायला लागला. पुट्टी सैल झाली होती. त्यानं आणखी मूठभर भुकटी घेतली.