झोपाळ्यावरचा थ्रीडी

"मॅडम, तुम्ही गेलात की हा परत पिसाळतो," मधुकाका फोनवर म्हणाले. "तुमच्यासमोर कसा गरीब गाय होतो, आणि तुमची गाडी वळली की सुरू."

हा म्हणजे आमच्या कंपनीचा गेमिंगचा थ्रीडी स्क्रीन. मी डिस्प्ले इंजिनिअर, ऑफिस नवी मुंबईत. बाजारात आणण्याआधी आम्ही तो काही घरांत वापरायला दिला होता. त्यातलं एक घर हरिहरेश्वरचं, मधुकाका आणि शैलाकाकूंचं. त्यांचा छोटा होमस्टे आहे. काकांनी उमेदीत ट्रक चालवला. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून गेममध्ये गाड्या पळवतात, आणि तिथेही हॉर्न विनाकारण वाजवतात.

हा स्क्रीन काय करतो ते सांगते. आपले दोन डोळे एकच वस्तू जरा वेगवेगळ्या बाजूंनी बघतात. मेंदू ती दोन चित्रं जोडतो आणि जवळ काय, लांब काय ते ठरवतो. थ्रीडी स्क्रीन प्रत्येक डोळ्याला त्याचं त्याचं चित्र पुरवतो, बस. मागे चष्मेवाले थ्रीडी टीव्ही आले आणि गेले. चष्मा घालायचा लोकांना कंटाळा, शिवाय घरात कुणीतरी त्याच्यावर हमखास बसायचं. आम्ही म्हटलं, चष्माच नको. स्क्रीनच्या डोक्यावर छोटा कॅमेरा लावला. तो खेळणाऱ्याचे डोळे शोधतो आणि बारीक भिंगांच्या थरातून चित्रं नेमकी त्या डोळ्यांकडे पाठवतो. याला आय ट्रॅकिंग म्हणतात. लॅबमध्ये झकास चालायचं.

लॅबमध्ये सगळंच झकास चालतं म्हणा.

आमच्या प्रोजेक्टच्या सरांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं. घरांतून तक्रारी आल्या तर प्रोजेक्ट गुंडाळायचा. माझी चार वर्षं त्यात गेली होती. टीममधली पोरं रात्रंदिवस राबली होती. खोटं कशाला बोलू, काकांचा फोन आला की मी तो उचलायच्या आधी बराच वेळ वाजू द्यायचे.

आधीच्या दोन फेऱ्यांत मी केबल बदलली, सॉफ्टवेअर बदललं. दोन्ही वेळा स्क्रीन माझ्यासमोर शहाण्यासारखा वागला. रिपोर्टमध्ये मी 'नो फॉल्ट फाउंड' लिहिलं, म्हणजे बिघाड सापडला नाही. या वाक्याच्या आधाराने आमच्या धंद्यात पुष्कळ लोक सुखाने रिटायर होतात.

तिसऱ्या फेरीलाही तेच. मी पोचले तशी ओटीवरची सगळी मंडळी उठली. काकूंनी आतून खुर्ची आणली, पदराने पुसली आणि बरोबर स्क्रीनसमोर ठेवली. मी बसून गेम सुरू केला. रस्ता थेट आत जात होता, झाडं अंगावर येत होती. एक दोष दिसेना.

"बघा," काका हिरमुसून म्हणाले. "तुम्हाला घाबरतो तो."

"डोळे तपासून घ्या म्हणते मी कधीची," काकू म्हणाल्या.

"माझे डोळे? अख्खा घाट उतरलोय मी या डोळ्यांनी."

मी लॅपटॉप मिटला. पण काकू जेवल्याशिवाय सोडतील तर शपथ. कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी जेवले आणि मागच्या दारी हात धुवायला गेले. परत ओटीवर आले तर खुर्ची गायब. ती पाहुण्यांच्या खोलीत परत गेली होती.

काका झोपाळ्यावर बसले होते. हातात कंट्रोलर, एक पाय जमिनीवर, आणि झोका चालू. शेजारी काकू लसूण सोलत होत्या. खाली शेजारच्या दोघी पाय पसरून बसल्या होत्या. झोपाळा स्क्रीनकडे जायचा, मागे यायचा, आणि आमचा बिचारा कॅमेरा काकांच्या डोळ्यांमागे धावत सुटायचा. पोचेपर्यंत डोळे पुढे गेलेले. तेवढ्यात काकू बघायला पुढे वाकल्या. कॅमेऱ्याला त्यांचे डोळे जवळ वाटले आणि त्याने काकांना सोडून काकूंना धरलं.

"अगंबाई, आता किती सुरेख दिसतंय," काकू म्हणाल्या.

"मला दोन दोन रस्ते दिसतायत," काका ओरडले आणि ट्रक दरीत गेला.

मी ओल्या हातांनी दारात उभी होते.

"काका, तुम्ही रोज असेच बसता?"

"मग कसा बसणार?"

"माझ्यासमोर कधी बसला नाहीत ते."

उत्तर काकूंनी दिलं. "मॅडम कामाला आल्या आणि आपण झोके घेत बसायचं, बरं दिसतं का ते?"

झालं. मी येणार म्हटलं की हे घर नीट बसायचं, आणि नीट बसलेल्या घरात बिघाड कुठून सापडणार?

"जरा झोका थांबवून बघा," मी म्हटलं. काकांनी थांबवला. पहिलं वळण आलं तसा पाय आपोआप सुरू झाला.

"तो पाय माझ्या ऐकण्यातला न्हाय," काका म्हणाले.

मग मी खुर्ची परत आणवली, काकांना तिच्यात बसवलं आणि बाकीच्यांना आत जायला सांगितलं. स्क्रीन एका वेळी एकाच्याच डोळ्यांचा असतो, हे समजावलं. काका एकटे खेळले. चित्र अप्रतिम होतं. थोड्या वेळाने त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"दिसतंय झकास. पण दाखवू कोणाला?" ते म्हणाले. "एकट्यानं गाडी जन्मभर चालवली, मॅडम. आता पुन्हा कशाला?"

मी थ्रीडी बंद करायचं बटण कुठे आहे ते दाखवलं. चित्र सपाट झालं तशा सगळ्या बायका बाहेर आल्या, आणि काका कडी करकरवत झोपाळ्यावर चढले.

परतीच्या वाटेवर म्हसळ्याला माझ्या मोबाइलला रेंज आली तसा सरांना फोन लावला.

"झोपाळा ही एज केस आहे," सर म्हणाले. एज केस म्हणजे क्वचितच घडणारी गोष्ट.

"सर, या किनाऱ्यावर ही एज केस घरोघरी टांगलेली आहे."

"रिपोर्टमध्ये लिहिलंच पाहिजे का? खुर्चीत चालतो ना?"

"खुर्चीत चालतो. पण खुर्चीत कोणी बसत नाही."

मलाही मोह झाला, 'नो फॉल्ट फाउंड' तयारच होतं. पण काकांचं 'दाखवू कोणाला' डोक्यातून जाईना. मी झोपाळ्यासकट सगळं लिहिलं.

घरात सगळ्यांसमोर ठेवायचं हे मोठं मॉडेल बंद झालं. टेबलावर एकट्याने खेळायचा छोटा मॉनिटर राहिला, तो बरा चाललाय. अर्धी टीम दुसरीकडे गेली. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. घरच्या गेमिंगमध्ये थ्रीडीला भविष्य आहे का, असं लोक विचारतात तेव्हा मी उलट विचारते, घरात माणसं किती?

आमच्या लॅबमध्ये आता कड्यांचा झोपाळा टांगलाय. नवा स्क्रीन त्याच्यासमोर पास व्हावा लागतो. अजून एकही झालेला नाही. सर मात्र जेवण झालं की रोज न चुकता टेस्टिंगला बसतात. तेव्हा स्क्रीन बंद असतो.