लखीराम थंडी अडवतो

कळंबजवळच्या तांड्यातल्या लखीरामला भिंत बांधता येत नव्हती, आणि यात त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. त्याचे आजे-पणजे मीठ-धान्य लादलेल्या बैलांमागं मुलूखभर हिंडले; उभ्या जन्मात त्यांचं भिंतीवाचून अडलं नाही. बाप शेतकरी झाला तेव्हा त्यानं कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कूड उभा केला, वरून शेणमाती लिंपली आणि यालाच घर म्हणतात असं जाहीर केलं. पौषातलं वारं त्या कुडातून जेवायला बोलावल्यासारखं आत यायचं.

१९६१ सालच्या हिवाळ्यात लखीरामची म्हातारी आई, बिजलीबाई, गोधडी काखेत मारून धाकट्या रूपसिंगच्या गोठ्यात निजायला गेली. तिथं दोन बैलांच्या मधे ऊब होती. तांड्याला आयताच विषय मिळाला. थोरल्याच्या घरात आईला जागा नाही, असं लोक बोलू लागले आणि लखीरामला तोंड दाखवायची चोरी झाली. लाज होतीच, पण भीती त्याहून मोठी होती. सत्तरीच्या म्हातारीवर एखादा बैल कलंडला तर? आई घरी यायला हवी होती, बाकी त्याला काही नको होतं.

तो कामाला लागला. कुडापासून वीतभर अंतरावर बाहेरून दुसरा कूड रोवला आणि मधल्या फटीत तुरीचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, ठासून भरलं. कुटार बकऱ्या खातात हे ठाऊक आहे ना, एवढंच बायकोनं, मानीबाईनं, विचारलं. भिंत आणि चारा यातला फरक बकरीलाही कळतो, असं लखीरामनं ठणकावून सांगितलं. बकऱ्यांना तो कळला नाही. तीन दिवसांत त्यांनी पऱ्हाट्या उचकटून उत्तरेकडची भिंत फस्त केली आणि पुढची कधी बांधतो म्हणून दारात येऊन उभ्या राहिल्या. मानीबाई हसली नाही, हे तिचे उपकार.

आढ्याला आजाच्या काळच्या जाड विणीच्या गोण्या टांगलेल्या होत्या. लखीरामनं त्या उतरवल्या, उरलेलं कुटार त्यांत भरलं आणि घराच्या आतून कुडाला लावून थप्पी रचली. घर दोन हातांनी आखूड झालं. मानीबाईला अंग चोरून भाकरी थापावी लागे. थप्पी दोनदा कोसळली, त्यात एकदा लखीरामवरच. तिसऱ्यांदा उभी राहिली, पण वारं तसंच येत होतं.

शेवटी तो मान खाली घालून गोठ्यात आईसमोर उभा राहिला.

"याडी, मले गोण्या रचता येऊन नाही राह्यल्या. तू सांगशीन का?"

बिजलीबाई काठी घेऊन त्याच्या पुढंच निघाली. आल्या आल्या तिनं सगळी थप्पी पाडायला लावली. सून म्हणून आली तेव्हा तांडा अजून बैलांमागं हिंडत होता आणि मुक्कामाला गोण्यांचा आडोसा रचायचं काम तिच्याकडेच असे. गोण्यांची तोंडं आत, खालच्या दोहोंच्या सांध्यावर वरची एक, आणि पाया रुंद. लखीराम घामाघूम झाला, शिव्याही खाल्ल्या. आईच्या तोंडच्या शिव्या तो कित्येक वर्षांनी ऐकत होता आणि त्याला बरं वाटत होतं. दिवस कलला तेव्हा भिंत उभी होती. म्हातारीनं तिच्याशी तळहात धरून पाहिला. वारं नव्हतं.

"इतकी वर्सं कुडकुडली," लखीराम म्हणाला. "आधीच काहून नाही सांगतलं?"

"कोनं इचारलं?" बिजलीबाई म्हणाली. "गोधडी देल्ली, काढा देल्ला. काम कोनीच नाही देल्लं."

लखीरामचे डोळे भरून आले, आणि पुसायला जावं तर दोन्ही हात कुटारानं माखलेले. त्यानं पश्चिमेकडच्या उघड्या कुडाकडे बोट दाखवलं आणि याचं काय करायचं ते विचारलं.

म्हातारीनं कूड वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि नव्या भिंतीला पाठ टेकून खाली बसली.

"ते उद्या पाहू. आता गोठ्यातून माही गोधडी घेऊन ये."